वेधशाळा आज बंद आहे

नमस्कार, मी श्रुतिका. आपल्या विद्यापीठात सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. पुढचा तासभर मी आपल्याबरोबर असेन, आणि—

—आणि मी गाईडचं हे वाक्य घोकत होते, तेवढ्यात गेटमधून एक मिनी बस आत आली.

शनिवारी कॅम्पस बघायला येणारी मंडळी साधारण एकाच साच्याची असतात. कंटाळलेला एक मुलगा किंवा मुलगी. फीची चौकशी करणारे बाबा. हॉस्टेलच्या बाथरूमची चौकशी करणारी आई. मुलुंडच्या टोकाला, डोंगराला पाठ टेकून उभ्या असलेल्या आमच्या काचेच्या इमारती बघून आधी फोटो काढतात, मग माझं बोलणं ऐकतात. मिनी बस करून कुणी येत नाही. या बसला तर पुढे झेंडूचा हारसुद्धा होता.

दार उघडलं. आधी एक आजी उतरल्या. मग स्टीलचा एक मोठा डबा उतरला. मग पांढऱ्या झब्ब्यातले एक काका, मग बायका, पोरं, एक तान्हं बाळ… उतरतच राहिले. सगळ्यांत शेवटी तो उतरला. चौकड्यांचा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, खिशाला पेन. पावसाची भुरभुर होती. त्याने छत्री उघडली, आजींच्या डोक्यावर धरली आणि स्वतः मजेत भिजत राहिला.

हे मी बघितलं. बघायला नको होतं. मी ड्यूटीवर होते.

"मॅडम, माणिकची टूर हीच ना?" त्याने विचारलं.

"असेल. माणिक कोण?"

"मी." गर्दीतून एक हात वर आला. सतराएक वर्षांची, शिडशिडीत मुलगी. दुसऱ्या हातात आमचं माहितीपत्रक, गुंडाळी करून घट्ट धरलेलं.

"आणि हे सगळे?"

"कुटुंब," तो म्हणाला.

"सगळं?"

"तुमच्याच मेलमध्ये लिहिलंय ना, कुटुंबीयांसह अवश्य या. आता हिच्या आईबाबांना रजा मिळाली नाही. मग उरलेल्या कुटुंबातून कुणाला आणायचं? मीटिंग घेतली. नावं कमी करायला गेलो तर भांडणं झाली. शेवटी म्हटलं, बसच करू."

"अहो, एका विद्यार्थ्यामागे दोन पालक असा नियम आहे."

"मग बाकीच्यांना परत पाठवा… पण कोणत्या दोघांना ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मला वस्तीत राहायचंय."

मी आजींकडे बघितलं. आजींनी डबा छातीशी धरला.

"या," मी म्हटलं. "सगळेच या."

*

चालता चालता कळलं ते असं. घाटकोपरला त्यांच्या वस्तीत बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. ज्यांच्या घरात अभ्यासाला जागा नाही ती सगळी मुलं तिथे बसतात. झब्ब्यातले चंद्रप्रकाश काका अभ्यासिकेचे अध्यक्ष. डबा धरलेल्या आजी म्हणजे सुंदराबाई, माणिकच्या आजी. आणि तो सौरभ. दिवसा मेट्रोत सिग्नलच्या कामाला, संध्याकाळी अभ्यासिकेत गणित शिकवायला. माणिक त्याचीच विद्यार्थिनी. तिला एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली होती: जिथे प्रवेश घेशील तिथली सगळी फी आमची. वस्तीतून असं पहिल्यांदाच कुणी निघालं होतं. आता तिने फक्त बोट ठेवायचं होतं.

तिने बोट ठेवलं होतं आमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर. तिथे आमच्या वेधशाळेचा फोटो आहे. गच्चीवरचा पांढरा घुमट आणि मागे चांदण्या.

"शनीची कडी बघायचीत मला," ती म्हणाली. "घाटकोपरला रात्री आकाश नारिंगी असतं."

*

आपलं ग्रंथालय चार मजली असून, येथे विविध विषयांवरील—

"एवढी बुकं वाचतं कोण गं पोरी?" सुंदराबाई.

मी पाठ केलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे," सौरभ माझ्या मागून म्हणाला. मग जरा पुढे आला. माझ्या बरोबरीने.

"तुम्ही सगळं पाठ केलंय का हो?"

"का?"

"श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेलं वाटतं. 'असून' म्हटलं की घेता."

"तुम्ही माहिती ऐकताय की माझे श्वास?"

"बघतोय नुसतं." तो थांबला. "…ग्रंथालय."

*

हिरवळीवर बसू नये. तशी पाटी आहे. पाटीशेजारी त्यांनी सतरंजी अंथरली.

मी म्हटलं, अहो, कँटीन आहे. चंद्रप्रकाश काका म्हणाले, कँटीनमध्ये सुकट मिळते का? मी म्हटलं, नाही. मग प्रश्नच मिटला. डब्याचं झाकण उघडलं आणि आमच्या काचेच्या इमारतींमध्ये, बहुधा पहिल्यांदाच, सुकटीच्या चटणीचा वास पसरला. गरम भाकरी, कांदा, वर लिंबू.

मी मालवणची. म्हणजे कांदिवलीची, पण मालवणची. सुकटीसमोर उभं राहून कर्तव्य बजावणं मला जमत नाही.

"बसा ना," सौरभ म्हणाला.

"ड्यूटीवर आहे."

"मग उभ्यानं खा. पाटीवर बसू नये लिहिलंय, खाऊ नये कुठे लिहिलंय?"

मी उभ्याने खाल्लं. एक घास. मग दुसरा. मग कधी बसले ते कळलं नाही.

*

(पुढचं कुणीतरी सतरंजीच्या टोकावरून ऐकलं असेल तर ते बाळाने. बाकी सगळे भाकरीत होते.)

—माणिक इथे राहिली तर हॉस्टेलला भेटायला कधी येता येतं?

—शनिवारी.

—फक्त शनिवारी?

—दर शनिवारी. दुपारपर्यंत.

—आणि तुम्ही? तुम्ही कधी असता?

—शनिवारी.

—फक्त?

—दर.

—अरे वा. म्हणजे मला दर शनिवारी यावं लागणार.

—माणिकसाठी.

—माणिकसाठीच म्हणतोय मी. तुम्हाला काय वाटलं?

—काही नाही. लिंबू द्या.

लिंबू देताना त्याची बोटं माझ्या तळहाताला लागली. लिंबाएवढीच जागा. पण तेवढी जागा नंतर किती वेळ तशीच… असो.

मनात मी शनिवार मांडून बसले होते. या महिन्यातले, मग पुढच्या. माणिकने हो म्हटलं की झालं! ती आमची, आणि शनिवार माझे. माझं काम तरी काय होतं? मुलीला हो म्हणायला लावणं. पगारच त्याचा मिळत होता.

*

गच्चीचा जिना चढायला माझ्याबरोबर फक्त माणिक आणि सौरभ आले. बाकीची मंडळी जेवून जड झाली होती.

पाचव्या मजल्याच्या वर एक निळा लोखंडी दरवाजा आहे. त्याला कुलूप. शेजारच्या खिडकीतून घुमट दिसतो. जवळून तो पांढरा नाही; पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळाचे ओघळ येतात. इथे मी बोलते ते वाक्य प्रवेश विभागातल्या माझ्या मॅडमनी लिहून दिलंय.

देखभालीच्या कामामुळे वेधशाळा आज बंद आहे. क्षमस्व.

मी ते बोलले. दर शनिवारी बोलते तसं.

माणिकने दरवाज्यावर हात ठेवला. घाईने नाही. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"मग कधी उघडते, ताई?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. लोक "अरेरे" म्हणायचे आणि लिफ्टकडे वळायचे.

"सोमवारी उघडत असेल," सौरभ म्हणाला. मग माझ्याकडे बघून, डोळ्यांतल्या डोळ्यांत हसत, "नाहीतर शनिवारी."

खरं असं होतं: मी इथे दुसऱ्या वर्षाला शिकत असताना घुमट फिरवणारी मोटर अडकली. तिचा भाग बाहेरून मागवायचा होता, तो मागवला गेला नाही. ज्या सरांना दुर्बिणीचं वेड होतं ते निवृत्त झाले. कुलूप लागलं ते लागलंच. मी शिकून, नोकरीला लागून, गाईड झाले तरी ते 'आज'च बंद होतं.

बोलले नसते तर काय झालं असतं? काहीच नाही. माणिकने प्रवेश घेतला असता. दर शनिवारी चौकड्यांचा शर्ट आला असता. आणि बोलले तर… ही बस घाटकोपरला परत जाणार. मग त्याला मुलुंडला येण्याचं कारणच काय? कुठल्या तरी कॉलेजातल्या कुठल्या तरी गाईडला कोण लक्षात ठेवतं?

मी श्वास घेतला. या वेळी ठरलेल्या जागी नाही.

"नाही उघडत, माणिक."

"म्हणजे?"

"मी कॉलेजात होते तेव्हापासून बंद आहे. पुढे कधी उघडेल ते कुणाला माहीत नाही. तुझ्या तीन वर्षांत उघडेल असं मी तरी सांगणार नाही."

तिने माहितीपत्रकाची गुंडाळी उलगडली. "मग हा फोटो?"

"जुना आहे."

बराच वेळ ती फोटोकडे आणि खिडकीतल्या घुमटाकडे आळीपाळीने बघत राहिली. मला वाटलं, रडणार. पण तिने विचारलं, "तुम्ही आत गेला होतात?"

"एकदा. पहिल्या वर्षी. शनी बघितला."

"कसा दिसतो?"

"खोटा."

"आँ?"

"खरंच. इतका नीटनेटका दिसतो ना… कुणीतरी चित्र कापून काचेवर चिकटवलंय असं वाटतं. मी दुर्बिणीच्या पुढे जाऊन बघून आले होते, काही चिकटवलंय का ते. सर ओरडले होते."

माणिक हसली. मोठ्याने, मान मागे टाकून. हसता हसताच म्हणाली, "मग मी इथे नाही येणार हं, ताई."

"नकोच येऊस."

ती धडधडत जिना उतरून गेली. सौरभ तिथेच राहिला. त्याचं हसू कुठेतरी गेलं होतं आणि त्या जागी तो नुसता माझ्याकडे बघत होता.

"तुमची नोकरी?"

"राहील. बहुतेक."

"सांगितलं नसतं तरी आम्हाला कळलं नसतं."

"माहितीये."

"मग का सांगितलंत?"

"तिने दारावर हात ठेवला होता ना…" मी म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, "शनिवार गेले."

"हो," तो म्हणाला. "गेलेच की."

*

परतीच्या बसपाशी गोंधळ.

"नाही म्हणते? मग एवढ्या लांब डबा घेऊन कशाला आलो?" सुंदराबाई.

"जेवायला," चंद्रप्रकाश काका. "छान जागा आहे जेवायला."

"खोटारडे मेले. फोटू छापतात."

"या ताईंनी खरं सांगितलं, आजी," माणिक.

"हिला नाही म्हणत मी. ही खाल्ल्या सुकटीला जागली."

सगळे बसले. तो पायरीशी उभा.

"येतो," तो म्हणाला.

"या," मी म्हटलं.

तो गेला नाही. मीही हलले नाही. पाहुण्यांना वैयक्तिक नंबर देऊ नये, हाही आमच्याकडे नियम. तो मागत नव्हता. मी देऊ शकत नव्हते. बाळाने खिडकीतून आमच्याकडे बघून जांभई दिली.

"बरं… मग."

"हो."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. बस वळली. हाराचं एक फूल पडलं. गवतावर सतरंजीएवढा चौकोन दबून राहिला होता, आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते, मॅडमना काय सांगायचं ते जुळवत… तर गेटपाशी बस थांबली. माणिक उतरली. पळत आली.

"ताई, नंबर द्या."

"नियम आहे गं…"

"पाहुण्यांसाठी ना? मी आता तुमची कोणीच नाही. नाही म्हटलंय मी."

बरोबर होतं.

"मला अजून कॉलेजं बघायचीत," ती धापा टाकत म्हणाली. "सगळीकडे असंच गोड बोलणार. सौरभदादाला गणित कळतं, माणसं कळत नाहीत. कुठे थापा मारतायत ते तुम्हाला बरोबर कळेल. पुढच्या रविवारी अंधेरीला येता आमच्याबरोबर?"

"आमच्या म्हणजे?"

"मी आणि दादा." तिने बसकडे बघितलं. सगळ्या खिडक्यांतून सगळी डोकी बाहेर. "यांना नाही नेणार. आईशप्पथ."

मी नंबर दिला.

*

माणिकच्या फोनवरून आलेले काही मेसेज:

ताई पोचलो. आजी विचारते तुम्ही कोणत्या गावच्या

ताई अंधेरीच्या कॉलेजात पण दुर्बीण आहे. छोटी आहे पण चालू आहे. फोन करून कन्फर्म केलं

श्रुतिका, रविवारी आपण किती वाजता निघणे सोयीचे होईल? आपल्याला घाटकोपरहून मेट्रो सोयीची पडेल की कांदिवलीहून परस्पर? कृपया कळवावे.

यावर मी लिहिलं: माणिक, तू एकदम एवढं शुद्ध कसं लिहायला लागलीस?

बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. मग:

ताई दादाने फोन घेतला होता. आता परत देत नाहीये. वाचवा

*

घरी आईने तव्यावरून मान न वळवता विचारलं, "कोण तो?"

"कोण कोण?"

"ज्याच्या मेसेजाक हसतंस तो. खयचो?"

"घाटकोपरचा."

"तां नाय. गाव खयचो?"

"साताऱ्याकडचा आहे."

"घाटावरचो!" आईने घावन उलटलं. "आणि?"

"आणि विहारातल्या अभ्यासिकेत शिकवतो, गं. फुकट. रोज."

आईला कळायचं ते कळलं. ती थांबली. घावन जरा जास्त भाजलं गेलं. मग तिने ते ताटात टाकलं, दुसरं घातलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "मासे खाता?"

"सुकट खातो."

"बघूया," आई म्हणाली. "बाबांका मी सांगतंय. तू मधी बोला नको."

*

रविवार. अंधेरी. ऊन पडलं होतं आणि पाऊसही होता, दोघांचं काही ठरत नव्हतं.

अंधेरीचं कॉलेज जुनं, बुटकं, भिंतींना ओल आलेली. माणिक आत शिरताच गच्चीकडे बोट दाखवून मुलांना विचारत सुटली होती, आणि एक मुलगी तिला उत्साहाने सांगत होती की काल ढग होते म्हणून वैताग आला, परवा मात्र गुरू दिसला, चंद्रांसकट. थापा नव्हत्या. 'वैताग आला' म्हणणारा माणूस थापा मारत नाही. मी सौरभकडे बघून मान हलवली. तो इतका खूश झाला की शिष्यवृत्ती त्यालाच मिळालीय असं वाटावं. आज त्याने नवा शर्ट घातला होता. चौकड्यांचाच.

दारातल्या टेबलावर एक मुलगी पाहुण्यांचे बॅज लिहून देत होती. नाव, आणि खाली विद्यार्थ्याशी नातं.

माणिकचा बॅज झाला. सौरभचा झाला: 'शिक्षक'.

"तुम्ही?" तिने मला विचारलं. "बहीण?"

"नाही."

"मावशी? आत्या?"

"नाही गं."

"मग काय लिहू? काहीतरी लिहावंच लागतं."

मी सौरभकडे बघितलं. एवढा बोलणारा माणूस, पण आता छताच्या पंख्याकडे बघत होता. माणिक कमरेवर हात ठेवून आमच्या दोघांकडे बघत होती, आमच्याच परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. मागे रांग वाढत होती.

आता कुणी काही बोललं नाही तर मी 'मावशी' होणार होते.

"मी ह्याच्याबरोबर आहे," मी म्हटलं.

पंखा सोडून तो माझ्याकडे वळला. कान लालभडक.

"म्हणजे… माझ्या…"

"तुझ्याबरोबर. काय चुकलं?"

"नाही, नाही! पण मी अजून विचारलंही नव्हतं."

"मग विचार की रे."

"इथे?"

"रांग आहे मागे. लवकर विचार."

त्याने खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. आणि मग भर टेबलासमोर, रांगेतल्या आई-बाबांच्या साक्षीने, एका दमात म्हणाला, "आवडतेस मला. तू त्या जिन्यावर खरं बोललीस ना, तेव्हापासून. त्याच्या आधीपासूनच, म्हणजे ते छत्री धरली होती मी तेव्हा बघत होतीस ना, मला दिसलं होतं… तेव्हापासून. तुला मी आवडतो का?"

"हो," मी म्हटलं.

रांगेतली एक बाई "अगं बाई!" म्हणाली.

टेबलावरच्या मुलीने पेन हवेत धरलं होतं. "अहो," ती म्हणाली, "एवढं बॅजवर मावणार नाही."

"कोराच द्या," सौरभ म्हणाला. "आम्ही भरू."

तिने कोरा बॅज दिला. तो त्याने माझ्या ओढणीला लावला. पिन दोनदा चुकली, एकदा मला टोचली. मी ओरडले नाही.

वळून बघितलं तर माणिक नव्हती. तिची टूर कधीच निघून गेली होती. तिचा आवाज वरच्या मजल्यावरून येत होता, कुणाला तरी धडाधड प्रश्न विचारणारा.

"पळायचं का?" सौरभने विचारलं. "चुकेल सगळं."

बाहेर अंगणात उन्हातच पाऊस पडत होता. जिना समोर होता, चांगला रुंद.

"चालूया ना," मी म्हटलं. "हळूच."